एकोणीस नंबरचं कार्ड

व्यंकट, आज सकाळी सव्वाआठच्या मीटिंगला तुझ्या जागेवर कुणी उभं राहिलं नाही. बोर्डाच्या डावीकडचा खांब. त्याला टेकून तू रोज उभा राहायचास आणि मी रोज म्हणायचो, नीट उभा राहा, बाहेरची माणसं येतात बघायला. आज वीस-बावीस माणसं बोर्डापुढं गोल करून उभी होती आणि खांबापाशी माणूसभर जागा मोकळी सोडलेली. कुणी ठरवून केलं नव्हतं. तुझ्या जागी जो नवीन मेंटेनन्सवाला आलाय त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो तिकडं सरकायला लागला तर शिंदेमामांनी त्याच्या दंडाला धरून त्याला अलीकडं घेतलं. मी ते बघितलं आणि डिस्पॅचचे आकडे वाचायला लागलो.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. काल संध्याकाळी मी दिघीला तुझ्या घरी जाऊन आलो. खरं तर तेच सांगायला बसलोय. पण एकदम तिथं उडी मारली तर तू मला अडवशील. मशीन बंद पडली की ऑपरेटर धावत यायचा, "पडली, पडली" करायचा आणि तू शांतपणे विचारायचास, "पडली ते दिसायलंय. त्याच्या आधी कशी चालत होती ते सांग." तर आधीचं सांगतो.

तो शुक्रवार. तू रोजच्यासारखा दिघीहून कंपनीच्या बसला चढलास, मागून तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसलास आणि मोशी यायच्या आत डोळे मिटलेस. चाकणच्या त्या मुंगीच्या पावलानं चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये बस अडकायची तेवढा वेळ ही तुझी हक्काची झोप. बस गेटातून आत आली, सगळे उतरले आणि तुला कुणी हलवलं नाही, कारण तुला उठवायचं काम ड्रायव्हरचं होतं. तो रोज आरशात बघून ओरडायचा, "ओ मेंटेनन्स, उठा, मशीन पडली." त्या दिवशीही तसाच ओरडला. दोनदा. मग हसत हसत मागं गेला.

इकडं मी बोर्डापुढं उभा राहून घड्याळ बघत होतो. "व्यंकट कुठाय?" मी विचारलं. शिंदेमामा म्हणाले, "बसमधी झोपल्यात, येतील." "उद्यावर ऑडिट आलंय आणि मेंटेनन्सचा हेड बसमध्ये झोपा काढतोय," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काही लाजबीज आहे का नाही?" दोन-चार जण हसले. मी हे म्हणत होतो तेव्हा तू गेलेला होतास. डॉक्टर म्हणाले, मोशीच्या आसपासच गेला असेल. तुझ्याबद्दल मी काढलेले शेवटचे शब्द हे. ते मला परत घेता येत नाहीत.

तुझे-माझे पहिले शब्द मात्र मला पाठ आहेत, कारण त्यांच्याबरोबर एक कानाखाली बसली होती. भोसरीतलं ते पत्र्याचं वर्कशॉप. मी पुनावळ्याचा, घरून डबा, खिशात बापानं दिलेलं घड्याळ. तू लातूरकडून आलेला, एक पेटी आणि चुलत्याच्या खोलीत झोपायपुरती जागा. दोघंही ट्रेनी, वीस-एकवीसचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यात, एक तुकडा अडकला. सुपरवायझर पाठीमागून "माल, माल" करत होता. मला वाटलं, दोन सेकंदांचं तर काम, आणि मी चालू मशीनमध्ये हात घातला. तू पलीकडून धावत येऊन लाल बटण दाबलंस. वरचा जबडा माझ्या मनगटाच्या चार बोटं वर थांबला. मग तू मला एक ठेवून दिलीस. "आधी थांबव," तू म्हणालास, "मग हात घाल. उलटं करायलास कामून?"

भोसरीत बोटं गेलेली माणसं तेव्हा कुठल्याही चहाच्या टपरीवर दिसायची. माझी दहाच्या दहा शाबूत राहिली. दरवर्षी दसऱ्याला मशीनची पूजा झाली की तू माझा उजवा हात धरायचास, बोटं मोजायचास आणि विचारायचास, "आहेत का रे सगळी?" सुरुवातीला मी हसायचो. नंतर नंतर हात काढून घ्यायला लागलो, कारण आजूबाजूला माझ्या हाताखालची माणसं असायची आणि त्यांच्यासमोर मला "संज्या" म्हणवून घ्यायचं नव्हतं. तू ते ओळखलंस. पुढच्या दसऱ्यापासून चारचौघांत "साहेब" म्हणायला लागलास. बोटं मोजणंही बंद केलंस. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

मी संध्याकाळचं कॉलेज करून वर चढत गेलो. तू पाना सोडला नाहीस. चाकणच्या या कंपनीत मला प्लँट हेड केलं तेव्हा पहिला फोन मी तुलाच केला होता, आणि तो मैत्रीखातर केला नव्हता, स्वार्थापोटी केला होता. अठरा जुन्या प्रेस होत्या इथं, खोकत खोकत चालणाऱ्या. त्यांना तुझ्याशिवाय कोण चालवणार होतं. तू आलास, एक दिवस नुसता कान देत फिरलास आणि संध्याकाळी मला म्हणालास, "सगळ्या जगतील. फक्त मी मागितली की थांबवून देत जा."

तेवढंच मागितलं होतंस. आणि आपलं भांडण तिथंच सुरू झालं, ते तू गेलास तरी मिटलेलं नाही.

मशीन बिघडायच्या आधीच थांबवून आतून तपासायची, याला आपण पीएम म्हणतो. प्रत्येक प्रेसचं एक कार्ड. ज्या आठवड्यात तपासणी, त्या आठवड्यात ते कार्ड बोर्डावरच्या लाल खिशात. तू मशीन मागायचास, मी म्हणायचो, आज नको, माल जायचाय. मग तीच प्रेस नेमकी भर कामात बंद पडायची आणि मी तुला सगळ्यांसमोर झापायचो. असं तीन-चार वेळा झाल्यावर तू कार्डाच्या मागच्या बाजूला रकाने छापून आणलेस. नवी तारीख, कारण, सही. "ढकल की पुढं," तू म्हणालास, "मी कुठं नको म्हणायलोय? फक्त कारण लिही आणि सही करून ढकल. उद्या पडली तर कुणी ढकलली ते दिसलं पाहिजे."

माझा पारा चढला होता. पण नियम सरळ होता, त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार. मग मी त्या नियमाची वाट लावली, ती तो पाळून लावली. मीटिंग चालू असताना शिंदेमामा कार्डांचा गठ्ठा पुढं धरायचे. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं खरडायचो. डिस्पॅच, सही. ऑडिट, सही. कार्डाची पुढची बाजू बघायची कशाला? कुठलीही मशीन असली तरी माझं उत्तर तेच होतं.

याच वर्षी मला वाकडच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं होतं. ध्येय कशी ठरवायची, कामांचा क्रम कसा लावायचा. दोन दिवस गार हवेत बसून मी कागदावर चार चौकोन काढून आलो. तातडीचं आणि महत्त्वाचं, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि पुढचे दोन. तुला मोठ्या उत्साहानं दाखवले. तू डबा खात होतास. चौकोनांकडं बघितलंस, डब्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "चार खाने माझ्या डब्याला पण आहेत राव. पण मी एकाच खान्यात चारही पदार्थ कोंबत नाही." मी चिडलो. पण खरंच, माझ्या पहिल्या चौकोनात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि बाकीचे तीन कोरे होते.

मग मी तुझं वर्षाचं ध्येयपत्रक भरलं. अकरा कामं, अकराही एक नंबरची. तू ते वाचलंस. तू सगळंच वाचायचास. "एका वर्गात अकरा पोरं पहिली आली," तू म्हणालास, "तर लोक मास्तरला येड्यात काढतील." मी म्हटलं, गप सही कर. तू सही केलीस, पण खाली कर्मचाऱ्यानं स्वतःचं ध्येय लिहायची जी जागा असते तिथं एक ओळ लिहिलीस. "मशीन मागितली की मिळावी." मी ती खोडायला लावली. म्हटलं, हे ध्येय नाही, ही तक्रार आहे, मोजता येईल असं काहीतरी लिही. "मोज की," तू म्हणालास. "किती वेळा मागितली आणि किती वेळा दिलीस." मी मोजलं नाही. फोन वाजला होता बहुतेक, किंवा मी वाजल्यासारखं केलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यापाशी यायला मी एवढा वळसा घातला. तू जायच्या दीड-दोन महिने आधी, मशीनच्या शेडमधून ऑफिसकडं चालताना तू माझ्या बरोबरीनं आलास. चालताना तुला धाप लागत होती आणि तू बोलायला थांबलास तर मी पुढं गेलो होतो, एवढं आठवतंय. "दोन दिवस सुट्टी पाहिजे," तू म्हणालास. "दवाखान्याचं आहे." मी विचारलं, कुणाचं? "माझंच. छातीचा फोटो काढून बघायचा म्हणतात, नळ्यांचा. ॲडमिट व्हावं लागतं." मी फोनवरून मान वर केली नाही. म्हटलं, "ऑडिट होऊन जाऊ दे ना रे, आत्ता कुठं जातोस." मग म्हणालास, "बरं. मग रीतीनं मागतो."

मला वाटलं, मोबाईलवरच्या रजेच्या ॲपमध्ये अर्ज टाकशील. अर्ज आला नाही. मी म्हटलं, चला, विसरला, म्हणजे तेवढं काही नसेल. कसं सोयीचं असतं बघ माणसाचं डोकं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही कंपनीतले पाच-सहा जण तुझ्या घरी गेलो. निघायच्या आधी एचआरच्या माणसानं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, धीर द्या, काय हवं-नको विचारा, पण सुट्टीबिट्टीचा विषय निघाला तर जपून, आणि लेखी तर काहीच देऊ नका. मी मान डोलावली. सुरेखावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी रडणं थांबवून विचारलं, "साहेब, ह्यांनी तुमच्याकडं सुट्टी मागितली होती का? मला म्हणायचे, तीनदा मागितली, साहेब पुढची तारीख देतात."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नाही वहिनी. आमच्याकडं अर्ज आलेला नाही."

अक्षर न् अक्षर खरं होतं, व्यंकट. अर्ज आला नव्हता. आणि मी आयुष्यात इतकं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो. वहिनींनी तुझ्या फोटोकडं बघितलं. मग शेजारच्या बाईला म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशी खोटं बोलत होते. दवाखान्याला भ्यायले आणि माझ्या तोंडावर साहेबांचं नाव सांगत राहिले." मी खाली चटईकडं बघत बसलो. ते ऐकूनही मी तोंड उघडलं नाही.

परवा बोर्ड साफ करायला काढला. नवीन माणसाला त्याच्या पद्धतीनं लावायचा होता. मी केबिनमध्ये होतो. शिंदेमामा आत आले, दार लोटून घेतलं आणि एक कार्ड टेबलावर ठेवलं. "हे कुठं ठिवू, साहेब?"

मी उचललं. मशीन नंबर १९.

आपल्याकडं अठरा आहेत.

अक्षर तुझं, टपोरं, रेघेला धरून. कामाचं स्वरूप: मुख्य पंप तपासणे, नळ्या चोक आहेत का बघणे. लागणारा वेळ: दोन दिवस. सध्याची अवस्था: चढावर धाप लागते. मशीन बसवल्याची जागा: बोर्डाच्या डावीकडचा खांब.

मी उलटं केलं. नवी तारीख, कारण डिस्पॅच, सही. नवी तारीख, कारण ऑडिट, सही. नवी तारीख, कारण डिस्पॅच, सही. तिन्ही सह्या माझ्या. शेवटची तारीख होती ऑडिटनंतरच्या सोमवारची. तू शुक्रवारी गेलास. त्याखाली चौथी ओळ कोरी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी मामांना विचारलं. ते दाराकडं बघत म्हणाले, "समद्यांना म्हाईत व्हतं, साहेब. एकोणीस नंबर म्हंजे व्यंकटराव. आमाला वाटलं, तुमालाबी म्हाईत हाय. तुमी जुने दोस्त, तुमची दोघांची गंमत चाललीया." मग म्हणाले, "आमी हसायचो त्येला. ते पण हसायचे."

गंमत. पोरं हसत होती, तू हसत होतास, मी सही करत होतो, आणि तू दर वेळी ते कार्ड परत त्या लाल खिशात लावत होतास. तुझ्याच नियमानं. रीतीनं मागतो म्हणाला होतास. मला तू चारचौघांत ओरडून का सांगितलं नाहीस, केबिनमध्ये येऊन कॉलर का धरली नाहीस, भोसरीत मारली होतीस तशी एक का मारली नाहीस? मला तुझा राग येतोय, व्यंकट, खरं सांगतो. आणि लगेच आठवतं की कॉलर धरायची जागा मीच तुझ्याकडून काढून घेतली होती, एका दसऱ्याला, हात मागं ओढून.

मामा जाता जाता म्हणाले, "वहिनी लई कडू झाल्यात, साहेब. आमच्या घरातली जाती तिकडं. म्हणती, फोटोपुढं ताट ठिवायचं बंद केलंय त्यांनी. म्हणत्यात, शेवटपतोर खोटं बोलला, असल्या माणसाला कशाला वाढू."

कार्ड पाकिटात घालून मी पुनावळ्याला घरी गेलो. एक मन म्हणत होतं, फाडून टाक. मामा कुणाला सांगायचे नाहीत. आईला तू आठवतोस, तिच्या हातची भाकरी खाऊन "मावशी, अजून एक" म्हणणारा. तिला मी सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "मंग मला कशापायी सांगतुयास? माजं काय नुकसान केलंस तू? तिला जाऊन सांग." आणि परत निवडायला लागली.

म्हणून काल गेलो. लष्कराच्या भिंतीकडेची तुझी गल्ली, पहिला मजला. तुझी पान्यांची बॅग दाराआड खुंटीला तशीच होती. फोटो टेबलावर होता, त्याच्यापुढं काही नव्हतं. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

मी म्हणालो, "वहिनी, मी त्या दिवशी खोटं बोललो. व्यंकटनं सुट्टी मागितली होती."

त्या म्हणाल्या, "अर्ज आला नाही म्हणालात."

"अर्ज नव्हता. मला तोंडी सांगितलं होतं. मग हे असं मागितलं." मी कार्ड पुढं केलं.

त्यांनी ते हातात घेतलं आणि बोट ठेवत वाचलं. "ह्यांचंच अक्षर," त्या म्हणाल्या. पंपाच्या ओळीवर बोट थांबलं. मग शेवटच्या ओळीवर. "हा खांब कसला?" मी सांगितलं. तिथं तू रोज टेकून उभा राहायचास. त्यांनी कार्ड उलटं केलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"सही करताना वाचलं नाही?"

"नाही, वहिनी."

"हे लाईटचं बिलसुद्धा वाचून मग भरायचे," त्या म्हणाल्या. खाली कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती. मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या द्याव्यात. पण त्या फोटोकडं बघत म्हणाल्या, "चौदा दिवस मी ह्या माणसाला बोलतेय. उठता-बसता बोलतेय. तुमच्या एका शब्दावर."

मग त्या उठल्या, ड्रॉवरमधून तुझा पेन काढला आणि कार्डासकट माझ्यापुढं ठेवला. "ही खालची ओळ रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "खरं कारण लिहा. आणि सही करा."

एचआरचा माणूस मला आठवला नाही असं म्हणणार नाही. आठवला. नोकरी आठवली, पिंपळे सौदागरला बघून ठेवलेला फ्लॅट आठवला. पेन उघडायला मला वेळ लागला. वहिनी उभ्या होत्या, घाई करत नव्हत्या. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं. "व्यंकटनं सुट्टी मागितली. मी दिली नाही." रकाना लहान होता, अक्षरं बाहेर गेली. खाली नेहमीची सही खरडायला लागलो तर त्यांनी हात आडवा घातला. "हे असलं मला वाचता येत नाही. पूर्ण नाव लिहा."

मी पूर्ण नाव लिहिलं. त्याच उजव्या हातानं, व्यंकट, जो तू चार बोटांच्या अंतरावरून सोडवला होतास. पाची बोटांत पेन नीट धरून लिहिलं.

वहिनींनी ते वाचलं. सुरुवातीपासून, दोन्ही बाजू. कार्ड फोटोला टेकवून उभं केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "निघा तुम्ही आता." चहाचं विचारलं नाही, आणि बरंच केलं.

दार त्यांनी लावलं नव्हतं. मी जिना उतरत होतो तर आतून ताट घेतल्याचा आवाज आला आणि मग वहिनींचा. रडत नव्हत्या. घरात माणूस असताना बोलतात तसं, रोजच्या आवाजात, तुझ्याशी बोलत होत्या. "तीनदा विचारलंत ना हो," त्या म्हणत होत्या. "मग चौथ्यांदा न विचारता जायचं होतं."

मी अर्ध्या जिन्यात थांबलो. पहिल्या दिवसापासून मलाही तुला हेच विचारायचं होतं. पण मला विचारायची गरज नाही, मला उत्तर माहीत आहे. तू माझ्या सहीसाठी थांबला होतास.